रुमालाखालचं रान

त्यांची माझी पहिली ओळख झाली ती भिंतीपलीकडून. शाळेत रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. तिसरीच्या वर्गात मी पाढे घेत होते. "सात आठे?" असं विचारलं, आणि एकाही मुलाने तोंड उघडायच्या आत खिडकीतून खणखणीत उत्तर आलं, "छप्पन्न! छप्पन्न एकवार, छप्पन्न दोनवार..." वर्ग हसून लोळला. मागच्या बाकावरची एक मुलगी मला धीर देत म्हणाली, "बाई, तो भोंगा आहे. रोज असतो. पण नेहमी बरोबर सांगत नाही हं."

शाळेच्या मागच्या भिंतीला लागून भाजीफळांचा घाऊक बाजार होता आणि भोंगा म्हणजे तिथे लिलाव पुकारणारा माणूस. मधल्या सुट्टीत मी शिक्षकांच्या खोलीत तणतणत गेले. "कोण हो हा माणूस? घशात कर्णा बसवून घेतलाय की काय?"

कोपऱ्यात शिवणाच्या बाई काजं करत बसल्या होत्या. त्यांनी दाताने दोरा तोडला आणि मान वर न करता म्हणाल्या, "आमचे हे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मात्र हसल्या. "लाजू नका हो. मुलगा बघायला गेले तेव्हा माझ्या वडिलांनी पण हेच विचारलं होतं."

शिवणबाईंचा आवाज इतका हळू की मुली शिवणाच्या तासाला आपोआप गप्प बसत. नाहीतर बाई काय म्हणाल्या ते कळणारच नाही. ही जोडी जमवणाऱ्याने कोणत्या मापाने मापलं होतं कोण जाणे. पुढे माझं त्यांच्या घरी जाणंयेणं सुरू झालं. बाजाराच्या मागच्या गल्लीत, रिकाम्या खोक्यांच्या गोदामावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. जिन्यात कायम ओल्या लाकडाचा आणि पिकल्या फळांचा वास असे. भोंगेकाका घरात असले की गल्लीला वर्तमानपत्र लागत नसे. त्यांच्या घरात आज काय शिजलंय, मीठ जास्त झालंय का, बाईंच्या भावाचा निरोप काय आला, सगळं गल्लीला तोंडपाठ. गुपित सांगायचं झालं की ते उठून आधी खिडकी लावत आणि मग अशा आवाजात सांगत की गोदामातला हमाल खालून म्हणे, "काका, खिडकी लावल्यावर नीट ऐकू येत नाही."

त्यांना स्वतःलाही हे कळत होतं. हळू बोलायचा ते मनापासून प्रयत्न करत. पण त्यांची कुजबुज म्हणजे तुमचंआमचं बोलणं आणि त्यांचं बोलणं म्हणजे शाळेची प्रार्थना. पोरवयापासून हातगाड्यांच्या खडखडाटावर आवाज काढून काढून घशाला तेवढी एकच पट्टी उरली होती.

त्यांचे हात मात्र वेगळे होते. फळांच्या मोठ्या सौद्यात भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसत, दोघांच्या हातांवर एक रुमाल टाकला जाई आणि त्याखाली बोटं दाबून भाव ठरे. याला बाजारात हत्ता म्हणतात. शेजारी मांडीला मांडी लावून बसलेल्यालाही पत्ता लागत नाही. समोरच्याने उलट हात दाबला की सौदा जुळला. मग भोंगेकाका रुमाल झटकन उडवत आणि आकाश फाटेल असे ओरडत, "दिलाऽऽ!" त्या ओरडण्याला फार किंमत होती. न पुकारता उठलेला सौदा बाजार मानत नसे.

शिवणबाईंचं माहेर गावाबाहेरच्या जुन्या रानात होतं. बस जिथे संपते तिथे एक फाटक आहे आणि फाटकापलीकडे अशी झाडं आहेत की ती कुणी लावली हे सांगणारा माणूसच आता नाही. रान राखीव. बाईंचे वडील तिथे वनरक्षक होते आणि फाटकाजवळच्या दोन खोल्यांत बाई लहानाच्या मोठ्या झाल्या. मधल्या सुट्टीत डबा खाताना त्या रानाच्या गोष्टी सांगत. रानातल्या सगळ्यात थोराड झाडाला ढोली होती, तिच्यात घुबडं राहत. थंडी सरली की सकाळच्या उन्हाला पिल्लं ढोलीच्या तोंडाशी येऊन बसत. वडिलांनी खांद्यावर घेऊन त्यांना ती दाखवली होती. "कापूस पिंजून ठेवावा तशी," त्या म्हणत, "आणि मान अशी गोल गोल फिरवतात. आपल्याकडे बघून आपलं माप घेतायत असं वाटतं."

लग्नानंतर रान मागे पडलं. बाजार आठवड्यातून एक दिवस बंद, आणि तो दिवस काका झोपून काढत. "जाऊ की," ते म्हणत, "एकदा कामातून मोकळा होऊ दे, तिथे तंबूच ठोकू." बाई त्यावर काही म्हणत नसत. त्यांचा तो स्वभावच नव्हता.

काका मोकळे झाले तोवर बाईंच्या डोळ्यांचं सुरू झालं होतं. आधी सुईत दोरा ओवेना, मग उंबरठ्याला ठेचा लागू लागल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याचा आजार आहे, कडेकडेने दिसणं कमी होत जाईल. बाईंनी ते मला समजावून सांगितलं तसं कुठल्या डॉक्टरला जमलं नसतं. "भरतकामाची गोल फ्रेम असते ना? मला तेवढ्याच फ्रेममधलं दिसतं. बाकीचं कापड काळं. आणि फ्रेम दर वर्षी लहान होतेय." पुढच्या वर्षी कितपत दिसेल, असं त्यांनी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला.

घरी येऊन बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा हट्ट धरला. "मला ती पिल्लं बघायची आहेत. या वर्षी."

गावातली काही मंडळी दर रविवारी सकाळी रानात फिरायला जात. मी निवृत्त झाल्यापासून त्यांच्यात होते. म्होरक्या होते दातांचे डॉक्टर. रानात शब्द काढायचा नाही, हा त्यांचा एकच नियम. आयुष्यभर लोकांची तोंडं उघडी ठेवून त्यांना गप्प बसवलेला माणूस. त्यांना तो नियम अवघड वाटत नसे. मी बाईंबद्दल विचारलं तर ते लगेच म्हणाले, "आणा की त्यांना. माझ्या बहिणीला त्यांनीच तर शिवण शिकवलं."

पण बाई आल्या म्हणजे काका आले. मुळांच्या वाटेवर बाईंना धरणारं कुणीतरी हवं होतं आणि तो हात काका दुसऱ्या कुणाला द्यायला तयार नव्हते.

तो पहिला रविवार मला अजून हसवतो. फाटकातून आत शिरताच काकांनी मान वर करून झाडं पाहिली आणि आताच्या वनरक्षकाला विचारलं, "एवढा माल! जातो कुठे?"

"जात नाही काका. इथेच राहतो."

"विकत नाहीत?"

"नाही."

"मग राखता कशाला?" असं काका म्हणाले आणि समोरच्या फांदीवरचे पोपट एकसाथ उडाले.

पुढे सगळी वाटभर तेच. "अगं, मूळ आहे! मूळ! खाली बघ, नाही, तुला दिसत नाही, मी बघतो! हां, आता खड्डा!" तळ्याकाठी एक हरीण पाणी पीत होतं म्हणे. आम्हाला फक्त हलणारं पाणी दिसलं. असे तीन-चार रविवार गेले. डॉक्टरांचा चेहरा आखडत चालला. शेवटी त्यांनी मला बाजूला घेतलं. "बाई, मी काकांना काही म्हणू शकत नाही, माणूस सोन्यासारखा आहे. पण चार रविवारांत आम्ही एक मुंगूस पाहिलं, तेही बहुतेक बहिरं होतं. तुम्ही शिवणबाईंचा हात धरा. काकांना फाटकाशी बसू द्या."

मी कसंबसं सांगितलं. काका पटकन म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. मी बसतो." ते इतक्या लवकर कबूल झाले की मलाच वाईट वाटलं.

त्या रविवारी मी बाईंचा हात धरून चालले. रान अगदी शांत होतं आणि सगळं दिसत होतं, मला. मी कानाशी कुजबुजायची, "तो बघा सुतारपक्षी, तिकडे." बाई विचारायच्या, "तिकडे म्हणजे कुठे हो?" "त्या वाकड्या फांदीच्या वर." "वाकडी फांदी कुठली?" त्यांची ती छोटी फ्रेम झाडावर इकडून तिकडे फिरायची आणि जिथे पक्षी नाही नेमकी तिथे थांबायची. परत आलो तेव्हा काका वनरक्षकाच्या ओट्यावरून उठून सामोरे आले. "काय काय दिसलं?"

"पुष्कळ," बाई म्हणाल्या. "सुतारपक्षी दिसला, हरीण दिसलं."

काकांनी त्यांचा हात हातात घेतला आणि क्षणभर धरून ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, हिला काही दिसलेलं नाही."

"अहो, सांगतेय ना मी."

"तोंड सांगतंय. हात नाही म्हणतोय. जन्मभर मी हातच वाचले, मला शिकवतेस काय?"

त्यानंतरच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले तर जिन्यातूनच चमत्कारिक वाटलं. घरातून आवाज नव्हता. मी घाबरत दार ढकललं. दोघं खिडकीपाशी खुर्च्या जोडून बसली होती, दोघांच्या हातांवर बाजारातला चौकड्यांचा रुमाल होता आणि बाई समोरच्या भिंतीकडे बघत लहान मुलीसारख्या हसत होत्या. "थांबा, थांबा, बोलू नका," त्या मला म्हणाल्या. "कडी. खिडकीची वरची कडी! बरोबर?" काकांनी मान डोलावली. अंगठा दाबला की वर, करंगळी दाबली की खाली. मनगटाच्या आतल्या बाजूला बोट टेकलं की डावीकडे, बाहेरच्या बाजूला टेकलं की उजवीकडे. पंजा पुरता मुठीत घेतला की तिथेच थांब, समोर आहे. आणि बाईंना वस्तू सापडली की त्यांनी उलट हात दाबायचा. अशाने भिंतीवरचं घड्याळ, दिव्याची तार, फडताळावरचा डबा, सगळं बाईंना सापडत होतं.

"रुमाल कशाला पण?" मी विचारलं. "इथे कोण चोरून बघतंय?"

काका ओशाळून म्हणाले, "रुमाल नसला की माझी बोटं मुकी होतात हो."

डॉक्टर काकांना पुन्हा घ्यायला तयार नव्हते. मी गळ घातली तेव्हा म्हणाले, "एक आवाज झाला तर फाटक." पण नंतरचे काही रविवार मी कधी विसरणार नाही. पुढे डॉक्टर, मागे आम्ही पाचसहा जण आणि सगळ्यात शेवटी ती दोघं, हातांवर चौकड्यांचा रुमाल टाकून, एखादा मोठा सौदा करायला निघाल्यासारखी. काका तोंडात मूग धरून चालत. कपाळावर घाम येई, पण शब्द येत नसे. बाईंना सुतारपक्षी दिसला. तळ्यातल्या ओंडक्यावरचं कासव दिसलं. एकदा तर आम्हा कुणालाच न दिसलेलं हरणाचं पाडस काकांनी हेरलं, कारण खोक्यांच्या थप्पीतलं एक कुजकं फळ दुरून ओळखायची त्यांच्या नजरेला सवय होती. बसमध्ये परत येताना मात्र साठलेलं सगळं बाहेर पडे आणि ड्रायव्हर म्हणे, "काका, हॉर्न मी वाजवतो, तुम्ही बसा."

मग वनरक्षकाने सांगितलं, पिल्लं ढोलीच्या तोंडाशी यायला लागलीत. दोनतीन आठवडे बसतील, मग उडतील.

त्या सकाळी ऊन कोवळं होतं. थोराड झाडापासून जरा दूर आम्ही थबकलो. ढोलीच्या काठावर तीन पिल्लं होती, बाईंनी सांगितली होती तशीच, पिंजलेली. कुणी श्वासही मोठा घेत नव्हतं. मी झाडाऐवजी रुमालाकडे बघत होते. तो थोडा वर गेला, डावीकडे सरकला, पुन्हा वर. बाईंची मान त्याच्याबरोबर फिरत होती. मग रुमाल स्थिर झाला. मग बाईंच्या बाजूने तो किंचित हलला. त्यांनी हात दाबला होता.

आणि काकांनी रुमाल झटकन हवेत उडवला. "दिलाऽऽऽ!"

सगळं रान उठलं. कुठून कुठून पाखरं उडाली, माकडं किंचाळली, दूर काहीतरी मोठं काट्याकुट्यातून पळालं. ढोलीचं तोंड रिकामं होतं. काका हात वर केलेले तसेच उभे, तोंड उघडं. आपल्या तोंडून काय निघालं ते त्यांना आमच्यानंतर कळलं असावं.

डॉक्टरांनी फाटकाच्या दिशेने बोट केलं. काकांनी वळून बाईंचा हात पुन्हा हातात घेतला आणि म्हणाले, "पण... पण तू हात दाबलास. बघितलंस ना? दिसली ना तुला?"

एरवी बाई खोटं बोलल्या असत्या, पण त्यांचा हात काकांच्या हातात होता. "ढोली सापडली म्हणून दाबला हो," त्या म्हणाल्या. "पिल्लं शोधत होते."

काका वाटेत एक शब्द बोलले नाहीत. बसमध्येही नाही. ड्रायव्हरने आरशातून दोनदा मागे बघितलं.

पुढच्या चार दिवसांत गल्लीला त्यांच्या घरातलं काही कळलं नाही. मी गेले तर काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. "मी येणार नाही बाई. हिला तुम्ही न्या. माझ्या जिभेला हाड नाही आणि तोंडाला दार नाही."

"मी नेऊन काय उपयोग? माझ्या बोटांना येतंय का काही?"

"मग नशीब," काका म्हणाले. त्यांच्या तोंडून मी हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. बाजारातला माणूस तो; भाव पडले तरी नशीब म्हणत नसे.

शिवणबाई आतून चप्पल घालूनच आल्या. "चला बाई, मला जरा डॉक्टरांकडे सोडा."

मला वाटलं डोळ्यांच्या. त्यांनी मला दातांच्या दवाखान्यात नेलं. आपला नंबर आल्यावर त्या चाचपडत सरळ त्या कलत्या खुर्चीत जाऊन बसल्या. डॉक्टरांचा चेहरा कसनुसा झाला. "कुठला दात दुखतोय बाई?"

"दात नाही दुखत हो. नवऱ्याचं दुखणं आहे." डॉक्टर काही बोलणार तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, आणि त्यांचा तो हळू आवाज ऐकायला डॉक्टर नकळत खाली वाकले. "तुमचा नियम मला मान्य आहे. तुम्ही म्हणाल तर नंतर आम्ही परत येणार नाही. पण एक रविवार द्या. आणि तोंड बंद ठेवायला तुमच्याकडे काही असेल तर तेही द्या. तुमचा धंदाच तो."

डॉक्टर थोडा वेळ हातातला आरसा फिरवत राहिले. मग ते हसायलाच लागले. "बोलता येऊ नये असं म्हणता? आहे की. दिवसभर तेच तर करतो मी."

रविवारी फाटकाशी डॉक्टरांनी खिशातून डबी काढली. "काका, तोंड उघडा. मोठं. तुम्हाला काय शिकवायचं म्हणा." दात काढल्यावर ठेवतात तशा कापसाच्या गुंडाळ्या त्यांनी एकेक करून काकांच्या दोन्ही गालांत आणि जिभेखाली भरल्या. काका फुगलेल्या गालांनी आमच्याकडे बघत होते. कुणीतरी म्हणालं, "काका, कसं वाटतंय?" त्यावर जे उत्तर आलं ते उशीखालून आल्यासारखं होतं. वनरक्षक पोट धरून खाली बसला.

थोराड झाडापाशी आलो. दोनच पिल्लं काठावर होती. तिसरं उडालं होतं की आत होतं, कोण जाणे. रुमाल वर गेला, डावीकडे, थांबला. बाईंनी ढोली धरली असावी, पण या वेळी हात दाबला नाही. रुमाल अगदी थोडा हलला, करंगळीएवढा. पुन्हा थांबला. आम्ही सगळे उभे. एका पिल्लाने मान कलती करून गोल फिरवली, आणि बाईंनी, स्वतःच्या नकळत असावं, आपली मान तशीच कलती केली.

त्यांनी हात कधी दाबला ते मला दिसलं नाही. काकांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या, छाती भरली, आणि कापसातून एक "ऊं" एवढाच आवाज आला. पिल्लं हलली नाहीत. बाई पुष्कळ वेळ बघत राहिल्या. ऊन ढोलीवरून सरकलं आणि पिल्लं आत गेली, तेव्हाच त्या वळल्या. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. डॉक्टरांनी आपला रुमाल काढून ते पुसलं, दवाखान्यात पुसतात तसं, सरावाने.

"अगदी तशीच आहेत," बाई बसमध्ये म्हणाल्या. एवढंच. त्या आधीच कमी बोलणाऱ्या.

फ्रेम लहान होत गेली आणि त्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी मिटली. आता त्यांना खिडकी उघडी आहे की बंद एवढं कळतं. आमच्या रविवारच्या मंडळीत आता नवी माणसं आहेत. डॉक्टर त्यांना नियम सांगतात आणि शेवटी चालणाऱ्या दोघांबद्दल काही सांगत नाहीत. बाईंना आता दिशा नको असते. काका रुमालाखाली काय काय दाबतात ते मला कळत नाही, आणि मी विचारलंही नाही. कधी बाई मध्येच हसतात, तेव्हा काहीतरी दिसलं असेल असं आम्ही समजतो.

भोंगेकाकांचे गुडघे आता दुखतात. म्हणून ती दोघं तळ्याजवळच्या पहिल्या बाकापर्यंतच येतात, आम्ही परत फिरेपर्यंत तिथे बसतात आणि आमच्याबरोबर बसने घरी जातात.